फाल्गुनातलं वर्धा दोन दिवसांत: आणि नालवाडीत काय बघायचं?

संशोधनाच्या तयारीत असलेले बरेच जण विचारतात, "विषय ठरायच्या आधीच क्षेत्रभेट करून काय उपयोग?" उपयोग असतो. फक्त ती भेट सहलीसारखी झाली तरी चालेल, पण वही सहलीसारखी राहू द्यायची नाही. या लेखात वर्ध्याच्या दोन दिवसांच्या फेरीचा आराखडा देतोय. काय बघायचं, कुठे थांबायचं, काय खायचं हे सगळं आहेच. पण प्रत्येक ठिकाणी इतिहासाच्या विद्यार्थ्याने कोणता प्रश्न घेऊन उभं राहायचं तेही आहे. आणि या फेरीत मी मुद्दाम एक असं गाव घातलंय जे पर्यटकांच्या नेहमीच्या यादीत नसतं: नालवाडी.

निघण्यापूर्वी

वेळ निवडायची ती फेब्रुवारीच्या अखेरीपासून होळीपर्यंतची. रस्त्याकडेला पळस फुललेला असतो, गहू-हरभऱ्याची काढणी चालू असते आणि सकाळी फिरता येतं. एकदा चैत्र लागला की विदर्भाचं ऊन दुपारी कुणाला रस्त्यावर राहू देत नाही. त्यामुळे सकाळ आणि संध्याकाळ फिरायची, दुपार वाचायला ठेवायची.

वर्ध्याला दोन रेल्वे स्थानकं आहेत: वर्धा आणि सेवाग्राम. सेवाग्राम स्थानकाचं जुनं नाव वर्धा पूर्व. त्या स्थानकावर उतरलो म्हणजे आश्रमात पोचलो असं समजू नका. आश्रम तिथून बराच लांब आहे. नावांचा हा घोळ कागदपत्रांतही भेटतो. गांधीजी १९३६ मध्ये ज्या गावी राहायला गेले त्याचं नाव सेगाव. बुलढाण्याचं शेगाव आणि हे सेगाव यांत टपालाची गल्लत व्हायची, म्हणून १९४० मध्ये 'सेवाग्राम' हे नाव आलं. म्हणजे १९४० पूर्वीच्या पत्रांत आणि वर्तमानपत्रांत 'सेवाग्राम' शोधाल तर हाती फारसं लागणार नाही. नालवाडीचंही इंग्रजी स्पेलिंग सगळीकडे सारखंच असेल असं धरून चालू नका. शोधाची यादी करताना एका जागेची सगळी नावं आणि सगळी स्पेलिंगं आधी लिहून काढा. दहा मिनिटांचं काम आहे, पण पुढचे कित्येक दिवस वाचतात.

पहिला दिवस, सकाळ: शहर

वर्धा हे जुनं शहर नाही. १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा करून वर्धा जिल्हा झाला. मुख्यालय आधी पुलगावजवळ कवठ्याला होतं, ते १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी आणलं आणि तिथे हे शहर वसवलं. १८६७ मध्ये मुंबईकडची रेल्वे नागपूरला पोचली. आजूबाजूला कापसाचा मुलूख, मधून रेल्वे. शहर इथे का वसलं याचं बरंचसं उत्तर या दोन गोष्टींत आहे. बाजारातून चालताना सरळ रस्ते बघा. आखून वसवलेलं गाव आहे हे पायांना कळतं.

इथेच पहिला स्वाध्याय. या शहराची आखणी रेजिनाल्ड क्रॅडॉक यांनी केली, असं वाक्य इंटरनेटवर फिरताना दिसेल. क्रॅडॉक हे खरे गृहस्थ. १९०७ ते १९१२ या काळात ते मध्य प्रांताचे चीफ कमिशनर होते. पण त्यांचा जन्म १८६४ चा. शहर वसलं १८६६ ला. दोन वर्षांच्या बाळाने रस्ते आखले नसणार! पुढे कधीतरी झालेल्या वाढीशी त्यांचं नाव जोडलेलं असू शकतं. ते शोधावं लागेल. पण शहराच्या स्थापनेशी ते जोडता येत नाही. सनावळी पाठ करायला कंटाळा येतो हे मान्य, पण दोन सनं शेजारी ठेवली की एखादं वाक्य आपोआप गळून पडतं. साधनचिकित्सा म्हणतात ती बऱ्याचदा एवढीच साधी असते. रसेल यांनी तयार केलेलं वर्धा जिल्ह्याचं गॅझेटियर १९०६ चं आहे. शहराविषयीची विधानं आधी त्याच्याशी ताडून बघा. गॅझेटियरही सरकारच्या नजरेने लिहिलेलं असतं हे मात्र विसरू नका.

शहरातच लक्ष्मीनारायण मंदिर आहे. बजाज कुटुंबाचं हे मंदिर जमनालाल बजाज यांनी १९२८ च्या जुलैमध्ये दलितांसाठी खुलं केलं. 'भारतातलं पहिलं' असं त्याच्याबद्दल लिहिलेलं वाचाल. असा शब्द आला की पेन्सिलने खूण करायची. पहिलं म्हणजे कोणत्या अर्थाने? खाजगी देवस्थानांत? सवर्ण विश्वस्तांनी स्वतःहून खुलं केलेल्यांत? 'पहिलं' हे विधान सिद्ध करायला बाकी सगळी मंदिरं तपासावी लागतात. त्यापेक्षा अभ्यासाला सोपा आणि जास्त मोलाचा प्रश्न असा: दार उघडल्यानंतरच्या वर्षात आत कोण गेलं, आणि कोणी जाणं बंद केलं?

मगनवाडी

मंदिरातून मगनवाडीला जा. १९३४ च्या डिसेंबरमध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला तेव्हा जमनालालजींनी आपली बाग त्यासाठी दिली. मगनलाल गांधी १९२८ मध्ये वारले होते, त्यांच्या नावावरून हे नाव. संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा. सेगावला जाईपर्यंत गांधीजींचा मुक्काम इथेच होता. तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन, सुधारित चूल असले प्रयोग इथे चालायचे. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्या हस्ते सुरू झालेलं मगन संग्रहालय आजही आहे. उघडण्याच्या वेळा आधी विचारून घ्या.

संग्रहालयात विद्यार्थी वस्तूंचे फोटो काढतात आणि पाट्या वाचत नाहीत. उलट करा. पाटी कोणत्या क्रियापदात लिहिलीय ते बघा: 'वापरले जात असे' की 'वापरले'? कर्ता कुठे आहे? चरख्याखाली तो कोणी बनवला त्या सुताराचं नाव आहे का? वस्तू जपली जाते आणि हात गळतात, हे संग्रहालयात बऱ्याचदा होतं. पुढे नालवाडीला जाताना हा मुद्दा लागणार आहे.

दुपारी गोरस भांडारात जाऊन गोरसपाक घ्या. गाईच्या तुपातली ही खुसखुशीत बिस्किटं म्हणजे वर्ध्याची ओळख. घरी नेण्यासाठी एक डबा वेगळा बांधून घ्या. हेही इतिहासाचं साधन आहेच. गोसेवेच्या चळवळीतून जे उरलं त्यातली रोजच्या बाजारात टिकलेली ही एक गोष्ट.

संध्याकाळी गोपुरीला गीताई मंदिर बघा. विनोबांची 'गीताई' दगडी शिळांवर कोरून त्या उभ्या केल्या आहेत. वर छत नाही, आत मूर्ती नाही. १९८० मध्ये विनोबांच्या हयातीतच ते उघडलं. शेजारीच विश्वशांती स्तूप आहे. उन्हं उतरल्यावर इथे शहरातली माणसं फिरायला येतात. तासभर निवांत बसा आणि दिवसाची टिपणं पूर्ण करा. टिपणं त्याच दिवशी लिहायची, हा नियम मोडू नका.

दुसरा दिवस, सकाळ: नालवाडी

नागपूरच्या रस्त्याला लागलं की नालवाडी लगेच येतं. जुन्या लिखाणात ते वर्ध्यापासून दोन मैलांवरचं खेडं आहे. आज शहर आणि गाव यांच्या मध्ये रेघ मारता येत नाही: दुकानं, कॉलन्या, शिकवणीवर्गांच्या पाट्या. रिक्षावाल्याला "नालवाडीत काय बघायचं?" असं विचारलं तर "तिथं काय हाय बघायसारखं?" असं उत्तर मिळू शकतं. इथे बघण्यासारखं काही का नाही, हाच आपला प्रश्न.

कारण घडलं बरंच. १९२१ पासून वर्ध्याच्या आश्रमात असलेले विनोबा १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगातून सुटल्यानंतर, वर्षाच्या अखेरीस नालवाडीला राहायला आले. त्या काळच्या कागदांत नालवाडीचा उल्लेख 'हरिजन वस्ती' असा येतो. १९३४ मध्ये ग्रामसेवा मंडळ निघालं. इथे विनोबांनी स्वतः सूत कातून त्याच्या मजुरीवर जगण्याचा प्रयोग केला. त्याला संदर्भ होता. कातणारणीला किती मजुरी मिळावी हा प्रश्न १९३५ मध्ये चरखा संघापुढे आला. आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळायला हवेत, असं गांधीजींचं म्हणणं होतं. प्रत्यक्षात ठरलेली किमान मजुरी त्याहून बरीच कमी राहिली, कारण मजुरी वाढली की खादी महागते आणि गिऱ्हाईक कमी होतं. म्हणजे नालवाडीतल्या त्या झोपडीत एक आर्थिक प्रश्न अंगावर घेऊन पाहिला जात होता. आपण मात्र तो 'त्याग' या एका शब्दात गुंडाळून ठेवतो.

दुसरी गोष्ट चर्मालय. गोपाळराव वाळुंजकरांनी नालवाडीत मेलेल्या जनावरांची कातडी शास्त्रीय पद्धतीने कमावण्याचं काम चालवलं. कत्तल केलेल्या जनावराचं कातडं घ्यायचं नाही, आपोआप मेलेल्याचंच घ्यायचं, असा त्याचा नेम. त्यामागचा विचार असा की मेलेल्या जनावराचं कातडं, हाडं, चरबी, मांस सगळं नीट वापरलं तर गावाचं उत्पन्न वाढेल, आणि या कामाला स्वच्छता आणि प्रतिष्ठा मिळाली तर ते करणाऱ्यालाही मिळेल. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या कार्यक्रमात कातडी कमावण्याला म्हणूनच महत्त्वाची जागा होती.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना सांगितलं की मेलेली जनावरं ओढणं सोडा, मृत मांस खाणं सोडा. कामाच्या पद्धतीवर त्यांचा रोख नव्हता. ते काम जन्माने कुणाच्या गळ्यात पडतं, हा त्यांचा सवाल होता. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात त्यांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. म्हणजे नालवाडीत एकीकडे हे काम सुधारण्याचा प्रयोग चालू होता, आणि त्याच वर्षांत त्याच समाजांपर्यंत हे काम टाकून देण्याची हाक पोचत होती.

नालवाडीतल्या माणसांनी काय केलं? त्यांच्या घरात या दोन हाकांबद्दल काय बोलणं झालं? चर्मालयात कामाला कोण गेलं, कोणी नाही म्हटलं, आणि नाही म्हणण्याची किंमत काय पडली? गांधी-आंबेडकर वादावर पुस्तकांचे ढीग आहेत. पण हा वाद एका लहान गावात, रोजच्या मजुरीच्या हिशेबात कसा उतरला, हा प्रश्न त्या ढिगात सहज हरवतो. प्रबंधाचा विषय शोधत असाल तर असा शोधा: मोठा वाद आणि लहान जागा.

हा वाद वर्ध्याच्या हद्दीतच किती जवळून वाहत होता याचं एक उदाहरण देतो. १४ जुलै १९४२ ला काँग्रेस कार्यसमितीने वर्ध्यात ठराव केला, ज्यातून पुढे 'भारत छोडो' निघालं. त्याच आठवड्यात, १८ जुलैपासून, सुमारे पंच्याहत्तर किलोमीटरवर नागपुरात परिषद भरली आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. आपल्या पुस्तकांत या दोन घटना बहुधा वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. नालवाडीतल्या माणसाला त्या एकाच आठवड्यात, कदाचित एकाच पारावर ऐकू आल्या असतील. 'असतील' हा शब्द मी जपून वापरतोय. पुरावा मिळेपर्यंत तो तिथेच राहील.

गाव की शहर?

नालवाडीबद्दल आणखी एक गंमत. जनगणनेत ते 'जनगणना नगर' म्हणून मोजलं जातं. त्याच्या कसोट्या तीन: लोकसंख्या निदान ५,०००, कामकरी पुरुषांपैकी निदान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात, आणि दर चौरस किलोमीटरला निदान ४०० माणसं. महानगरपालिका, नगरपालिका काही नसलं तरी या तीन गोष्टी जुळल्या की जनगणनेच्या लेखी ते शहर.

मधली कसोटी पुन्हा वाचा. गावातल्या माणसांनी शेतीवरच अवलंबून राहू नये, घाणी, कातडी, सूत, कागद असे उद्योग गावात यावेत, असं ग्रामोद्योगवाले म्हणत होते. ते मनासारखं झालं असतं तरी जनगणनेने त्या गावाला शहरच म्हटलं असतं! आणि उद्योग न येता माणसं शेजारच्या शहरात नोकरी-मजुरीला जाऊ लागली तरी तेच लेबल लागतं. आकडा खरा असतो, पण त्याच्या पोटात दोन अगदी वेगळे इतिहास मावतात. म्हणून तक्ता वापरण्याआधी त्यातल्या शब्दाची व्याख्या वाचायची.

वस्तीत जाताना

काही पथ्यं. पहिल्याच भेटीत जात विचारायची नाही. घरांचे, माणसांचे फोटो न विचारता काढायचे नाहीत. "तुमच्या आजोबांनी विनोबांना पाहिलं होतं का?" हा प्रश्न वाईट, कारण त्यात मुख्य पात्र आधीच ठरलेलं आहे. "तुमच्या आजोबांचं काम काय होतं, दिवस कसा जायचा?" असं विचारा. विनोबा येतील तर येतील, नाही आले तर तीही माहितीच. ध्वनिमुद्रणाआधी परवानगी, आणि लिहिलेलं नंतर वाचून दाखवायचं. शक्य असेल तर १४ एप्रिलच्या आसपास पुन्हा एकदा या. जयंतीच्या दिवशी वर्ध्यातल्या आणि भोवतालच्या वस्त्या जी मिरवणूक काढतात, जी गाणी लावतात, जे फलक उभारतात, तेही इतिहासलेखन आहे. लिहिणारे फक्त विद्यापीठात नाहीत.

पवनार

नालवाडीहून त्याच रस्त्याने पवनार. विनोबाही याच वाटेने गेले. १९३८ च्या मार्चमध्ये, म्हणजे याच ऋतूत, प्रकृती फार खालावली म्हणून ते धाम नदीकाठच्या जमनालालजींच्या बंगल्यात हवापालटाला आले आणि तिथलेच झाले. १७ ऑक्टोबर १९४० ला वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून त्यांनी सुरुवात केली तीही इथूनच. १९५९ मध्ये स्त्रियांचं ब्रह्मविद्या मंदिर इथे सुरू झालं. आश्रमातली जुनी शिल्पं शांतपणे बघा. शेत खणताना निघालेली, वाकाटक काळातली मानली जाणारी ही शिल्पं भिंतींत आणि आवारात बसवली आहेत. वा. वि. मिराशींनी त्यांत रामायणातले प्रसंग ओळखले आणि पवनार म्हणजेच वाकाटकांची राजधानी प्रवरपूर असं मांडलं. पुढे रामटेकजवळच्या मनसरच्या उत्खननानंतर तो मानही मनसरकडे जातो का, असा वाद उभा राहिला. ज्यांना प्राचीन इतिहासात काम करायचंय त्यांनी इथेच तासभर जास्त थांबा. बाकीच्यांनी नदीकाठी डबा उघडावा.

सेवाग्राम, संध्याकाळ

शेवटी सेवाग्राम, मुद्दाम शेवटी. आदिनिवास, बापूकुटी, बा कुटी, परचुरे कुटी, आखरी निवास असं सगळं बघून घ्या आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला थांबा. बापूकुटीत गेलं की माणूस आपोआप हळू आवाजात बोलतो. तसं बोला, पण भिंतीकडेही बघा. मातीची भिंत. ती दर पावसाळ्यानंतर लिंपावी लागते, कवेलू बदलावे लागतात, बांबू कुजतात. इतक्या वर्षांत त्या भिंतीची किती माती मूळची उरली असेल? कुटी टिकली ती कुणीतरी वर्षानुवर्षं लिंपत राहिलं म्हणून, आणि ते लिंपणं चालू ठेवायला संस्था, पैसा, पाहुणे होते म्हणून.

हीच नजर घेऊन सकाळची नालवाडी आठवा. तिथेही मातीच्याच भिंती होत्या. त्यांना कोण लिंपणार होतं? वारसा-यादीत काय आलं यावरून काय महत्त्वाचं होतं हे कळत नाही. कुणाकडे जपायची ऐपत होती आणि कुणाला जपावंसं वाटलं, एवढं कळतं. पुराभिलेखागारालाही हाच नियम लागू आहे. चर्मालयाचा अहवाल इंग्रजीत लिहिला गेला, छापला गेला, म्हणून तो आपल्याला मिळू शकतो. तिथे काम करणाऱ्याने संध्याकाळी घरी काय सांगितलं ते कुणी छापलं नाही.

परत आल्यावर

सामग्री कुठे शोधायची? 'हरिजन' साप्ताहिकाचे अंक १९३३ पासूनचे आहेत, ते आणि गांधीजींचं संकलित वाङ्मय गांधी हेरिटेज पोर्टलवर फुकट वाचता येतं. त्यात वर दिलेली सगळी नावं टाकून बघा. दुसऱ्या बाजूने १९३० पासूनचं 'जनता' आणि त्याआधीचं 'बहिष्कृत भारत' बघा. वर्धा-नागपूरकडची पत्रं, सभांची वृत्तं, वर्गणीदारांची नावं काढा. तिसरं, गावाचे महसुली कागद. चौथं, घराघरांतल्या आठवणी. या चार ढिगांतली उत्तरं जुळणार नाहीत. त्यांना ओढूनताणून जुळवू नका. कुठे जुळत नाहीत तेच आधी लिहा, कारण प्रबंधाचं पहिलं खरं प्रकरण बहुधा तिथून सुरू होतं.

आणि एक छोटं काम. ही फेरी जमली नाही तरी तुमच्या जिल्ह्यातलं एक 'बघण्यासारखं' ठिकाण आणि त्याच्या पाच किलोमीटरांतलं एक 'काही नसलेलं' गाव निवडा. दोन्हींवर प्रत्येकी एक पान लिहा. पहिल्या पानाला साधनं पटापट मिळतील. दुसऱ्या पानाला काय काय मिळालं नाही, कोणत्या कार्यालयात, कोणत्या खंडात, कुणाकडे विचारूनही मिळालं नाही, त्याची यादी करा. पुढच्या लेखात त्या यादीतून संशोधनाचा आराखडा कसा बांधायचा ते बघू.